गोफ सोडवताना: डॉक्युमेंटरीच्या कामाच्या नोंदी

१२ जानेवारी २०२५, रविवार

विषय पक्का झाला, गोफ. गोव्यातल्या नाचांवर फिल्म म्हटलं की सगळे आधी घोडेमोडणीचं नाव घेतात आणि त्यात चूक काहीच नाही, कमरेला लाकडी घोडा, हातात तलवार, डोक्याला फुलं, ढोल-ताशे, कॅमेरा कुठेही ठेवा फ्रेम भरतेच. सत्तरी-डिचोली तालुक्यांत शिगम्याला, म्हणजे गोव्यातल्या होळीच्या सणाला, कॅमेरेवाल्यांची गर्दी असते. धालोंवर करायचं खूप मनात होतं, पण पौषातल्या त्या रात्री बायकांच्या, मांडावरचा, म्हणजे गावाच्या देवकार्याच्या जागेवरचा, नाच देवीसाठी असतो बघणाऱ्यांसाठी नाही, तिथे लाइट आणि क्रू घेऊन घुसणं मला पटत नाही. आधी एखादा पौष नुसतं जाऊन बसायला हवं, मग बघू.

गोफ काणकोणकडचा, शिगम्यातला. मांडवाच्या मधोमध वर रंगीत दोर बांधलेले असतात, प्रत्येक खेळगड्याच्या हातात एकेक टोक. नाचत नाचत एकमेकांच्या आतून-बाहेरून जायचं आणि वर वेणी विणली जाते, ती हळूहळू खाली उतरते. मग वाजप परत सुरू होतं आणि तेच खेळगडी तेच दोर उलट नाचून सोडवतात, शेवटी सगळे दोर परत सुटे. विणायचे चार प्रकार सांगतात. गाणी बरीचशी कृष्णाची. वाद्यं म्हणजे घुमट, शामेळ (ढोलासारखं), झांज.

मला फिल्ममध्ये सोडवणं दाखवायचंय. विणणं सगळ्यांनी शूट केलंय, दीड मिनिटाचे व्हिडिओ भरपूर मिळतात, वेणी पूर्ण झाली की टाळ्या आणि व्हिडिओ संपतो. पण विणताना चुकलं तर ते वेणीत लपून जाऊ शकतं, सोडवताना लपत नाही, दोर अडकतो आणि सगळ्यांनाच थांबावं लागतं. म्हणजे नाच खरोखर कुणाला येतो ते दुसऱ्या अर्ध्यातच कळतं.

टीम: मी, कॅमेऱ्यासाठी कॉलेजपासूनचा मित्र, साउंडला म्हापशाची एक मैत्रीण. पैसे सध्या आमचेच.

२६ जानेवारी

एका महोत्सवाच्या स्टेजवर गोफ बघितला. मुलं चांगली होती, कपडे एकसारखे, लाइट भरपूर. प्रत्येक ग्रूपला वेळ ठरवून दिलेला, त्यामुळे वेणी अर्ध्यापेक्षा थोडी जास्त झाली की गाणं संपवलं आणि दोर तसेच गुंडाळून विंगेत नेले. पुढचा ग्रूप वाट बघत उभा. निवेदकाने "विणकामाचा सुंदर आविष्कार" म्हटलं.

मला फार वाईट वाटलं. मुलांचा दोष नाही आणि आयोजकांनाही दहा ग्रूप बसवायचे असतात, पण असंच पाच-दहा वर्षं चाललं तर नवीन पोरांना सोडवणं शिकवायचं कारणच उरणार नाही. बाहेर दोन मुलांशी बोलले, ती म्हणाली गावात करतो तेव्हा पूर्ण करतो, इथे "कट" वर्जन. मोठी म्हणजे अकरावीतली असतील. त्यांच्याकडूनच त्यांच्या मांडावरच्या जाणत्या काकांचा नंबर मिळाला.

९ फेब्रुवारी

काकांकडे जाऊन आलो. मडगावहून करमल घाट उतरून चावडी (काणकोणचं मुख्य गाव), तिथून आत पैंगीणच्या बाजूला. वाड्याचं नाव मुद्दाम लिहीत नाही, त्यांनी अजून ठरवलेलं नाही फिल्ममध्ये नाव घालायचं की नाही.

काका सत्तरीच्या पुढचे. पहिला अर्धा तास त्यांनीच प्रश्न विचारले. कोणाची, फोंड्यात कुठे, कुळदेव कोण, हे कुणी करायला सांगितलं, विकणार का. मी सांगितलं की विकून पैसे आले तर त्यात मेळाचा, म्हणजे नाचणाऱ्या-वाजवणाऱ्या मंडळाचा, वाटा असेल आणि तसं लिहून देईन. पूर्वापारची गाणी कुणा एकाची नसली तरी गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांचा त्यांच्या सादरीकरणावर हक्क असतो, १९५७च्या कॉपीराइट कायद्यात परफॉर्मरचा हक्क वेगळा दिलेला आहे आणि तो ५० वर्षं राहतो. हे मी त्यांना समजावून सांगितलं, कारण बरेच जण येतात, रेकॉर्ड करतात, जातात आणि नंतर तोच आवाज कुठल्या तरी रीमिक्सखाली ऐकू येतो. काका म्हणाले, "कागद कर. पूण आदीं मांडार येवन नमन आयक." म्हणजे आधी मांडावर येऊन नमन, सुरुवातीची देवाची प्रार्थना, ऐकायची, शिगम्याला पहिल्या दिवसापासून यायचं, नुसतं गोफाच्या रात्री नाही. मान्य.

चहाबरोबर खाजं दिलं. मेळातले सगळे शिगम्याचे दिवस पाळतात, म्हणून आम्हीही त्या दिवसांत मांसमासळी न खाता जायचं ठरवलं, कुणी सांगितलं नव्हतं तरी.

२३ फेब्रुवारी

आज घरी गोफ शिकलो. हॉलच्या पंख्याच्या हुकाला आठ नाड्या बांधल्या, शेजारच्या मुलांना बोलावलं. कॅमेरामन पण नाचला, त्याला हे करणं भागच होतं, ज्याला पुढचा माणूस कुठून येणार हे कळत नाही तो फोकस कसा धरणार.

समजलं ते असं. आठ जणांत चार उजवीकडे, चार डावीकडे, एकाआड एक. समोरून येणाऱ्या पहिल्याला आतून ओलांडायचं, दुसऱ्याला बाहेरून, परत आतून. वेणी वरून खाली वाढते म्हणून हातातला मोकळा दोर कमी होत जातो आणि वर्तुळ आपोआप लहान होतं, शेवटी खांद्याला खांदा लागतो. दोराचा ताण सगळ्यांचा सारखा हवा, एकाने ढिला सोडला की तिथे वेणी फुगते. आणि सोडवताना सगळ्यात शेवटचा फेर आधी सुटला पाहिजे, म्हणजे विणताना शेवटी बाहेरून गेला असाल तर आता वळून आधी त्याच माणसाच्या बाहेरूनच परत जायचं. इथेच सगळे गोंधळतात, कारण पायांना अजून पुढच्या फेराची सवय असते आणि डोकं सांगतं आतून. आमचा तिसऱ्याच ओलांडणीला गुंता झाला. मुलांना मात्र पटकन जमलं, ती विचार करत नव्हती, समोरच्याकडे बघत होती.

हे बघून शॉटचा विचार बदलला. वरून शॉट सगळ्यांना हवा असतो, नकाशासारखा नक्षा दिसतो. पण नाचणाऱ्याला तो नक्षा कधीच दिसत नाही, त्याला फक्त समोरून येणारा चेहरा आणि स्वतःचा दोर दिसतो. म्हणून मेन कॅमेरा डोळ्याच्या उंचीवर, वर्तुळाला चिकटून. वरचा कॅमेरा एकच, छोटा, दोरांच्या गाठीपाशी बांधायचा, आणि फिल्ममध्ये तो अगदी मोजका वापरायचा. ड्रोनचा प्रश्नच मिटला, मांडवाच्या आत त्याचा उपयोग नाही, शिवाय कारवारचा नौदलाचा तळ जवळ, परवानगीच्या भानगडी वेगळ्या.

१२ मार्च

टेस्ट शूट. मांडावर ट्यूबलाइट आणि एलईडी मिक्स. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, म्हणून २५ फ्रेम आणि शटर १/५० ठेवलं, २४ वर शूट केलं तर ट्यूबखाली हलका लपलप दिसतो. लाइट गेली आणि जनरेटर लावला तर त्याची फ्रिक्वेन्सी हलते आणि मग १/५० वरही भरवसा नाही, म्हणून बॅटरीवरचे दोन छोटे लाइट स्वतःचे नेतोय, पांढरा उजेड नाही, पिवळट, मांडाचा रंग बदलू नये म्हणून.

घुमटावर साउंडवालीने सगळी संध्याकाळ घालवली आणि मला त्यात खूप मजा आली. घुमट मातीचं, दोन्ही बाजूंनी उघडं, मोठ्या तोंडावर चामडं, लहान तोंड मोकळं. एका हाताने चामड्यावर वाजवायचं आणि दुसऱ्या तळव्याने लहान तोंड उघडझाप करून आवाज वाकवायचा. चामड्यासमोर माइक धरला की बोटांचा टणत्कार मिळतो, पोटातला घुमारा मिळत नाही. लहान तोंडाशी धरला की घुमारा मिळतो पण हवेचा फटका बसतो. शेवटी दोन माइक, दुसरा थोडा तिरका. पूर्वी घोरपडीचं चामडं असायचं, १९७२च्या वन्यजीव कायद्याने घोरपडीला संरक्षण आहे त्यामुळे आता बकऱ्याचं. वाजवणारे दादा म्हणतात आवाजात फरक आहे पण जमवून घेतलंय, ओल आली की सैल पडतं म्हणून संध्याकाळपर्यंत उन्हात ठेवतात. २०१९ मध्ये सरकारने घुमटाला राज्याचं वारसा वाद्य म्हणून जाहीर केलं तेव्हा ह्यांनी मांडावर घुमटाला हार घातला होता.

उद्या होळी.

१६ मार्च, रात्री उशिरा

झालं. पूर्ण मिळालं, नमनापासून शेवटचा दोर सुटेपर्यंत.

आत्ता डोकं चालत नाही पण विसरायच्या आधी लिहून ठेवते. नमन उभ्याने ऐकलं, कॅमेरा बंद ठेवून, काकांना दिलेला शब्द होता. नंतर बाकीचे खेळ, मग गोफ. विणायला सुरुवात झाली तेव्हा लोक गप्पा मारत होते, पोरं धावत होती. वेणी छातीपर्यंत आली तसं वर्तुळ इतकं आवळलं की माझा कॅमेरामन जवळजवळ आत ओढला गेला, तो लेन्स बदलायला वेळ न घेता तसाच एक पाय मागे घेत राहिला. मग थांबले. घुमट एकटंच वाजत राहिलं, चाल बदलली, आणि सगळे वळले.

सोडवताना बघणारे गप्प झाले हे मी स्वतः ऐकलं, साउंडवालीने नंतर हेडफोन काढून तेच सांगितलं. म्हाताऱ्या बायका पुढे सरकल्या. एकीने शेजारणीला सांगितलं आता बघ, माझ्या नातवाला इथेच अडचण येते. आणि तिथेच तो अडकला, एक क्षण, समोरच्या दादाने फक्त हनुवटीने दाखवलं बाहेरून, आणि तो गेला. हनुवटीचा तो शॉट आहे आपल्याकडे. फोकसमध्ये आहे. ह्या एका शॉटसाठी फिल्म करावी असं मला वाटतंय.

१७ मार्च

सगळं फुटेज कॉपी. १०० मेगाबिटचं रेकॉर्डिंग तासाला ४५ जीबी होतं, तीन कॅमेरे, त्यामुळे डिस्क झपाझप भरल्या. तीन कॉपी, दोन वेगळ्या डिस्कवर, एक म्हापशाला दुसऱ्या घरात. कॉपी तपासल्याशिवाय कार्ड फॉरमॅट करायचं नाही हा नियम सगळ्यांनी पाळला.

६ एप्रिल

काकांची मुलाखत. खुर्चीवर बसवून मागे तुळस वगैरे नको होतं, ते दोर वळत होते तेव्हाच बोललो. मी विचारलं तुम्ही फेर मोजता का. नाही म्हणाले. मग कसं कळतं थांबायचं कधी? हातात दोर किती उरला त्यावरून. आणि उलटताना पहिलं पाऊल? त्यावर ते उठले आणि मला समोर उभं करून दाखवलं, बोलून सांगितलं नाही. पुढची पंधरा-वीस मिनिटं आमचे दोघांचे पायच शूट झाले आणि ते मुलाखतीपेक्षा चांगलं आहे.

लहानपणी त्यांना विणायला घेतच नव्हते. आधी दोन-तीन शिगमे फक्त सोडवायला घ्यायचे, एखादा दमला की त्याच्या जागी. ज्याला सोडवता येतं त्याला विणायला सांगावं लागत नाही, असं त्यांचे वडील म्हणायचे. माझ्या फिल्मचा सगळा आराखडा ह्या माणसाने दोर वळता वळता सांगून टाकला.

१५ जून

पाऊस धो धो. एडिट सुरू. सिंक करताना एक गोष्ट लक्षात ठेवायला हवी, लांबच्या कॅमेऱ्याचा स्वतःचा आवाज उशिरा पोचतो, १७ मीटरवर साधारण ५० मिलिसेकंद, म्हणजे एका फ्रेमपेक्षा थोडं जास्त. सॉफ्टवेअर आवाजावरून क्लिप जुळवतं तेव्हा तेवढी चूक आत जाते आणि घुमटावरचा हात आधी आपटतो, आवाज मागून येतो. नाचाच्या फिल्ममध्ये एक फ्रेम पण डोळ्याला टोचते. सगळ्या क्लिप हाताने जुळवतेय, चित्र बघून.

कटिंगचा मोठा मुद्दा. तालावर कट मारायचा मोह होतो, समेवर कट की सगळं एकदम जोरदार दिसतं. पण मग नाच माझा होतो, त्यांचा राहत नाही. आणि गोफात कट मारला की बघणारा साखळी गमावतो, कोण कोणाच्या आतून गेला ते हरवतं, मग वेणी जादूने झाल्यासारखी वाटते. विणताना कट चालतील. सोडवणं सलग, एकाच कॅमेऱ्यातून, एकही कट नाही. ठरलं.

१३ जुलै

एका ठिकाणी पिच केलं, पैसे मिळतील अशी आशा होती. २६ मिनिटांचा स्लॉट, इथपर्यंत ठीक. मग म्हणाले दुसरा भाग तर पहिल्याचाच रिपीट आहे, तो काढा, आणि हवंच असेल तर विणण्याचं फुटेज रिव्हर्स करून दहा सेकंद दाखवा, तेच दिसेल.

तेच दिसत नाही. मी घरी येऊन खरंच रिव्हर्स करून बघितलं, पुढच्या वेळी उत्तर द्यायला हवं म्हणून. रिव्हर्समध्ये सगळे पाठमोरे चालतात. खऱ्या सोडवण्यात माणूस वळतो आणि तोंड पुढे करून जातो, समोरून येणाऱ्याच्या डोळ्यात बघत. रिव्हर्समध्ये धोतराचा सोगा हालचालीच्या आधीच हलतो, घाम कपाळावर वर चढतो. आणि सगळ्यात मोठी गोष्ट, रिव्हर्समध्ये कुणीही अडखळत नाही, कारण आठवायचं काही नसतंच. माझी फिल्म ह्या आठवण्याची आहे. दोन्ही क्लिप शेजारी शेजारी लावून ठेवल्यात, पुढच्या पिचला बोलण्याआधी ह्याच दाखवणार.

पैसे नाकारले. टीमला विचारून नाकारले. साउंडवाली म्हणाली तिचं राहिलेलं मानधन पुढच्या वर्षी दे.

२४ ऑगस्ट

चतुर्थीसाठी काम बंद. रफ कट ४१ मिनिटं. त्यातलं सोडवणं सलग नऊ. फुगड्या, आरत्या, घुमट सगळं घरातच आहे आता आठवडाभर, कान पण ताजे होतील.

५ ऑक्टोबर

सबटायटल. गाणी मराठी आणि कोंकणी मिसळून, गप्पा काणकोणच्या कोंकणीत. बोलण्यावर सबटायटल देतोय, मराठी आणि इंग्रजी दोन्ही. नाच चालू असताना खाली एकही अक्षर नाही, डोळा खाली गेला की पाय चुकतात, बघणाऱ्याचे पण. गाण्यांचा अर्थ फिल्म सुरू व्हायच्या आधी छापील पानावर.

वरच्या कॅमेऱ्याचा शॉट शेवटी एकदाच ठेवला, वळण्याच्या क्षणी, चार सेकंद.

२ नोव्हेंबर

मांडावर रफ कट दाखवला. चादर, प्रोजेक्टर, काकांच्या पुतण्याचे स्पीकर. हनुवटीच्या शॉटला सगळा मांड हसला आणि तो नातू लाजला. काका गप्प बसून बघत होते. संपल्यावर दोन सूचना केल्या. एक, शामेळवाल्याचा चेहरा कुठेच नाही, तो वडिलांपासून वाजवतोय, त्याला घाल. बरोबर आहे, फुटेज आहे, घालतेय. दोन, मुलाखतीत ते एका जुन्या भांडणाबद्दल बोलले ते काढ, त्या घरातली माणसं आता एकत्र नाचतात. काढलं, तिथेच लॅपटॉप उघडून. वाड्याचं नाव घालायला हो म्हणाले.

मग एका पोराने विचारलं, ताई, ती न कापलेली फाइल आम्हाला मिळेल का, सोडवण्याची, पूर्ण, प्रॅक्टिसला. हे मला सुचलंच नव्हतं. काकांनी अजून भर घातली, चारही प्रकार पुढच्या शिगम्याला असेच घे, फिल्मसाठी नको, मांडासाठी.

२३ नोव्हेंबर, पणजी

इफ्फी, आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव, चालू आहे, २००४ पासून दर वर्षी गोव्यातच असतो तरी आपल्या तालुक्यांतला नाच ह्या पडद्यांवर फार कमी बघितलाय. फेस्टिवलसाठी फिल्म निवडणाऱ्या दोन प्रोग्रामरना लिंक दिली. एकीने तिथेच कॉफी घेताना रिव्हर्स आणि खरी अशा दोन्ही क्लिप बघितल्या आणि पूर्ण फिल्म मागितली. सार्वजनिक प्रदर्शनाला सेन्सॉर सर्टिफिकेट लागतं, फेस्टिवलला सूट मागता येते, त्यामुळे सध्या फेस्टिवलच.

कामं राहिली ती: शामेळवाल्या काकांचे शॉट घालून नवीन एक्सपोर्ट. रंग, विशेषतः वेणी पूर्ण होते तिथला लाल फार भडक दिसतोय. घुमटाचा दुसरा माइक थोडा कमी. मेळाबरोबरच्या कराराची कोंकणी प्रत. आणि मांडासाठी डिस्क, त्यात प्रत्येक फेराला वेगळी फाइल, समोरून आणि वरून दोन्ही अँगल, आवाजासकट, मोबाइलवर चालेल अशा साइजमध्ये. पोरांना पौषाच्या आधी हवी आहे, प्रॅक्टिस तेव्हापासून सुरू करतायत.